शेपट्या जुळल्या की कापायच्या

रविवारी घरी झोपा काढल्या असत्या, तर सांगण्यासारखं काही साचलंच नसतं! मी नवेगाव बांध या गावी गणिताचा मास्तर. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायकांचा रविवारी क्लास घेतो. अपूर्णांकांची भीती मोडायला सुरुवातच आवर्ती दशांशापासून!

त्या वर्षी दोघीच टिकल्या. सेवंता अंगणवाडीत मदतनीस. दहावी, मग बारावी, मग सेविका व्हायचं, हा तिचा बेत पक्का. धुरपता तळ्याची मासळी विकणारी. तिला विचारलं, "तुम्हाला दहावी कशाला?"

"पोरगी म्हणते, तुले गणित येत नाई. पाहतोच म्हटलं, काऊन येत नाई!"

*

फळ्यावर लिहिलं : ०.३३३…

धुरपता म्हणाली, "गुरुजी, हे तीन सरते कधी?"

"कधीच सरत नाहीत."

"मंग लिहून कायले राहिले? अपूर्णांक सांगा ना सीधा!"

*

रीत दाखवली. क्ष म्हणजे ०.७७७… दहाने गुणलं, ७.७७७… झालं. वजाबाकी केली. दशांश चिन्हापुढचे सगळे सात उडाले. नऊ क्ष बरोबर सात, म्हणून क्ष म्हणजे सात छेद नऊ.

धुरपता म्हणाली, "शेपट्या दोन्हीच्या सारख्या, मंग कापाले काय लागते!"

इतकी वर्षं शिकवतोय, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

*

सेवंताला ०.४५४५४५… दिलं. तिनेही दहानेच गुणलं. एकीकडे चोपन्न, दुसरीकडे पंचेचाळीस, शेपट्या जुळेनात! मी सांगायला गेलो, तर तिने हात वर केला. "सांगू नका जी!"

पुढच्या रविवारी आली ती हसतच. "शंभरानं गुणलं! पंचेचाळीस छेद नव्व्याण्णव. म्हणजे पाच छेद अकरा!"

"कुठे सोडवलंत?"

"अंगणवाडीच्या फरशीवर, खडूनं. खिचडी थोडी बुडाले लागली, पण उत्तर निघालं!"

*

एकदा माझे एक सहकारी डोकावले. "या वयात काय जमणार?" म्हणाले.

सेवंताने विचारलं, "सर, ०.१६६६… चा अपूर्णांक?"

"सोळा छेद नव्व्याण्णव!" सर झटकन बोलून गेले.

"नाई जी. एक जागेवर उभा आहे, फिरून राहिला फक्त सहा. एक छेद सहा येते."

सरांनी वहीवर करून पाहिलं. त्यानंतर वय काही काढलं नाही!

*

निकाल लागला. सेवंता पास, धुरपता गणितात नापास. आता ही काही येत नाही, असं मी धरून चाललो होतो. पण पुढच्या वर्षी पहिल्याच रविवारी पाहतो तर पहिल्या बाकावर धुरपता!

त्या दिवशी ०.९९९… घेतलं. उत्तर आलं नऊ छेद नऊ, म्हणजे एक.

एक नवी बाई अडून बसली. "असं कसं जी? एकापेक्षा थोडं तरी कमीच असन!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात धुरपता उठली आणि तिने त्या बाईच्या हातात खडू दिला.

"किती कमी, लिहून दाखव."

बाईने शून्य लिहिलं. टिंब दिलं. मग शून्य, शून्य, शून्य, शून्य… फळ्याची कड आली, तशी ती थांबली.

"थांबली काऊन?" धुरपता परत बाकावर बसत म्हणाली. "लिही. मी बसून आहो."