शेवटच्या ओळीतलं नाव

उत्तरा शिर्के राहायला डोंबिवलीला, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला. दवाखान्यांसाठी मोबाइलवरची अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत ती डिझायनर. अ‍ॅप सहा, आणि त्यांत ‘पुढे जा’ची बटणं नऊ तऱ्हांची. कुठलं बटण तसं का, हे एकट्या उत्तराला ठाऊक. म्हणून तिला सुट्टी नाही. वडील गेल्यापासून कोकणातलं गावचं घर बंद. तीन शिमगे देवाची पालखी दारात आली आणि कुलूप बघून पुढे गेली.

यंदा शिमग्याला जायचंच म्हणून तिने कंबर कसली. सहा महिने खपून डिझाइन सिस्टिम उभी केली. म्हणजे बटणं, रकाने, रंग एकदाच ठरवायचे, नियम लिहून एका जागी ठेवायचे आणि सगळ्यांनी तिथूनच उचलायचे. आठवड्याचं काम दोन दिवसांत होऊ लागलं. प्रोग्रामरांशी रोजची हुज्जत थांबली. म्हाताऱ्या पेशंटांना चाचपडावं लागेना, तक्रारी घटल्या. साहेब विनीत खूश.

“मग सुट्टी?”

“अगं, आता तर तू हवीसच. सिस्टिम तुझी. तिला दुसरं कोण हात लावणार?”

पूर्वी दिवसाला दहा फोन यायचे, आता वीस. भाकरी तव्यावर असली तरी फोन. वैतागून तिने टीममध्ये नव्याने आलेल्या संचिताला झापलं, “नियम लिहिलेत ना? वाचत का नाही कोणी?”

“वाचतो ना ताई. प्रत्येक पानाच्या शेवटी लिहिलंय, ‘शंका आल्यास उत्तराला विचारावे.’ बदलायची परवानगीपण तुमच्याकडेच. मग काय शीळफाट्याच्या हवालदाराला विचारू?”

उत्तराने पानं चाळली. चौऱ्याऐंशी पानं, चौऱ्याऐंशी वेळा तिचंच नाव. कोणी जबरदस्ती केली नव्हती. आपल्यावाचून अडतं हे बाईला आवडत होतं, दुसरं काय.

तिने ती ओळ सगळीकडे बदलली: ‘टीममधल्या दोघांनी पाहून ठरवावे.’ परवानगी संचिताला आणि प्रोग्रामर रघूला दिली. सुट्टीवर जातेय हे विनीतला कळवलं, विचारलं नाही. आणि ठाण्याच्या खोपट डेपोतून गावची एसटी धरली.

गावी पोचली तेव्हा ढोल जवळ आले होते. कुलूप काढतेय तोच मोबाइल वाजला. संचिताने नव्या बटणाचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘रघूने आणि मी ठरवलं. फक्त सांगतेय.’

रंग जरा गडदच होता. उत्तराचा अंगठा शिवशिवला. पालखी वळणावर दिसली.

तीन वर्षं बंद असलेलं दार अडकून बसलं होतं. दोन्ही हात लागणार होते. तिने मोबाइल पायरीवर पालथा ठेवला आणि दाराला खांदा लावला.