झिंग्यांना न दिलेलं विरजण

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्या काकानं तुम्हाला आजीची आणि झिंग्यांची गोष्ट सांगितली. तुम्ही पोट धरून हसलात. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू टोचत राहिलं. ही गोष्ट घरात विनोद म्हणून रुळण्याआधी, ती घडली तशी तुमच्यासाठी लिहून ठेवते.

तुमच्या काकूनं माकणीजवळच्या आपल्या शेततळ्यात झिंगे सोडले, ते तुम्ही व्हिडिओत पाहिलेत. आपल्या घरात मांसमासळी शिजत नाही. तरीही मी हो म्हटलं. आमची सून काहीतरी नवं करते, असं पाहुण्यांना मोठ्या तोंडानं सांगायचे. फक्त खाद्याची भांडी स्वयंपाकघरात येऊ नयेत, असा नियम घातला होता. तिनं तो कधी मोडला नाही. आजोबांचाही एक नियम होता: पहिली खेप हातची गेली, तर तळं पुन्हा उसाच्या पाण्यासाठी.

पावसाळा सरता सरता झिंगे खाईनासे झाले. पाण्यावर त्यांच्या विष्ठेचे पांढरे धागे तरंगू लागले, म्हणजे आतडं बिघडलेलं. काकूनं प्रशिक्षण देणाऱ्या सरांना फोन केला आणि मग मला समजावलं. एकदा होऊन गेलेला आजार झिंग्याचं शरीर आपल्यासारखं लक्षात ठेवत नाही, त्यामुळं लस टोचून भागत नाही. आतड्यात चांगले जंतू असले तर वाईटांना जागा मिळत नाही आणि अंगात बळ राहतं. म्हणून खाद्याला प्रोबायोटिकची पूड लावतात. तिच्याकडची पूड संपली होती, नवी यायला वेळ होता. तोवर घरचं दही गुळाच्या पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, सकाळी खाद्याला चोळा, सावलीत सुकवा आणि टाका, असं सरांनी सांगितलं होतं.

दिवेलागणीला ती रिकामा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत आली नाही. मी सासरी येताना माझ्या आईनं दिलेलं विरजण आजवर या घरात चालत आलंय, हे तिला माहीत होतं. तिनं वाटीभरच मागितलं.

मी म्हणाले, “दिवे लागल्यावर घरातलं विरजण बाहेर देत नाहीत.”

“बाहेर कुठं, आत्याबाई? घरचंच तळं हाय.”

मी फडताळाला कडी घातली आणि पोळ्यांकडे वळले.

मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली. दह्यातल्या जंतूंचं लॅटिन नाव वर्गात फळ्यावर लिहून दाखवलेली. असल्या समजुतींना जन्मभर नावं ठेवत आले. पलीकडच्या घरातल्या भाभींचं दही एका रमजानात बिघडलं, तेव्हा अशाच दिवेलागणीला मी त्यांच्या हातात विरजणाची वाटी ठेवली होती. त्या घ्यायला कचरल्या, तर त्यांनाच हसले होते. म्हणजे काकूच्या वेळी अडचण दिव्यांची नव्हती. आईचं विरजण झिंग्यांच्या पोटात जाणार याची मला किळस आली, आणि किळस आली असं सुनेला तोंडावर सांगायची लाज वाटली. मग ज्या समजुतीला हसले, तिच्याच आड लपले.

सकाळी विरजणाची वाटी झाकून तळ्यावर गेले. काकू लिंबाखाली ताडपत्रीवर खाद्य पसरत होती. आंबूस वास येत होता. वाटी पाहून तिनं हात पुसले, मला बसायला बादली उपडी घातली आणि म्हणाली, “राहू द्या, आत्याबाई. झालं काम.” आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी भाभी भिंतीपाशी आल्या. “बाई, तुमचाच माल तुमच्या घरी धाडला. डबा भरायचं काम तेवढं म्या केलं.” आणि हसल्या. मला हसता येईना, तेव्हा आवाज उतरवून म्हणाल्या, “चहाला थांब म्हणलं, पण पोरगी टेकली न्हाय.”

म्हणजे भाभींकडून का होईना, आईचं विरजण शेवटी झिंग्यांपर्यंत पोचलंच. मी फक्त ते काकूला माझ्या हातून मिळू दिलं नाही.

काही झिंगे गेले. बाकीचे हळूहळू खाऊ लागले, काचेसारख्या अंगातून आतड्याची भरलेली काळी रेघ दिसू लागली. दह्यानं सावरले की तिनं पाणीही बदललं म्हणून, ते मी छातीठोक सांगणार नाही. तळं तिच्याकडे राहिलं, एवढं खरं.

आता फडताळाला कडी नसते, आणि हवं तेव्हा ने, असं मी तिला सांगितलंय. ती “व्हय” म्हणते. पूड संपली की डबा घेऊन भाभींकडेच जाते.

विरजण अजून आहे. माझ्याकडे आहे, भाभींकडे आहे, आणि तळ्यातही आहे.