मामीचं वादळ

आमचा मामा बंदरावरच्या वायरलेसच्या खोलीत बसून समुद्रातल्या होड्यांना हवामान सांगतो. वादळांची नावं आधीच ठरलेली असतात, अक्षरांच्या क्रमाने लागतात आणि सहा वर्षांनी तीच यादी फिरून येते, हे आम्हाला त्याच्याकडूनच कळलं. ज्या वादळाने फार माणसं नेली, त्याचं नाव मात्र यादीतून कायमचं काढतात.

एका वर्षी यादीत चक्क मामीचं नाव निघालं. मामी भडकली. "जगात एवढ्या बायका, आणि ह्यांना माझंच नाव सापडलं?"

"समितीत तुझ्या ओळखीचं कोणीतरी असणार," मामा म्हणाला. त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही. त्या वर्षी वादळं कमी झाली, मामीच्या अक्षरापर्यंत पाळीच आली नाही. "घाबरलं बिचारं," असं मामा पुढे कित्येक दिवस म्हणायचा.

यादी फिरून यायच्या आत मामी गेली. जन्मभर 'अगं' म्हणून हाक मारणाऱ्या मामाला तिचं नाव उच्चारवेना. घरात दुसऱ्या कोणी काढलं, तर तो उठून बाहेर जायचा.

यंदा समुद्रात एकदमच दोन वादळं उठली, आणि त्यातलं एक मामीच्या नावाचं. मी डबा घेऊन गेले तेव्हा मामा माइकवर सांगत होता, "पहिलं वादळ लांब आहे. दुसरं तुमच्याकडे सरकतंय."

"काका, दुसरं म्हणजे कुठलं?" एका होडीवरून आवाज आला. "पश्चिमेचं की दक्षिणेचं? आम्ही वळू कुठे?"

"दुसरं... दुसरं," मामा एवढंच पुन्हा म्हणाला. मला रागच आला. "मामा, नाव घे ना! नावं देतात ती ह्याचसाठी. माणसं आहेत तिकडे!"

त्याने डोळे मिटले आणि मामीचं नाव घेतलं. आवाज चिरकला. मग पुन्हा घेतलं, अगदी स्पष्ट. "ती पश्चिमेकडून येतेय. लगेच पूर्वेला वळा, किनारा धरा." त्यानंतर दिवसभर तो ते नाव घेत राहिला. संसारात सगळं मिळून घेतलं नसेल, तेवढ्या वेळा त्या एका दिवसात घेतलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या होड्या परत आल्या. मामीचं वादळ किनाऱ्याला न लागताच वळलं आणि दोन दिवसांनी खोल समुद्रात विरून गेलं. एकही माणूस दगावला नाही, म्हणजे नाव यादीत राहणार होतं.

शेवटची बातमी देऊन मामाने माइक बंद केला, पण तोंड त्याच्याकडेच ठेवून बसला.

"सहा वर्षांनी ये गं परत," तो म्हणाला. "मी रिटायर झालेला असेन, घरी रेडिओ लावून बसेन. फक्त अशीच लांबून जा."