तळहातावरचा काजू

काजूचा फोटो काढायला मी वाकले आणि दचकून मागेच सरले. काजू चांगला होता, पांढरा, अख्खा. पण तो ज्या बोटांत धरला होता, त्या बोटांना रेघाच नव्हत्या.

हात लांज्याच्या मावशींचा. त्या आणि त्यांची सून घरीच काजू फोडतात, सोलतात. पुण्याच्या एका दुकानदाराने पाकिटासाठी फोटो मागितला होता : बनवणाऱ्या बाईच्या हातात काजू, अगदी जवळून. म्हणून दोघी सकाळच्या एसटीने रत्नागिरीला आमच्या स्टुडिओत आल्या होत्या. आमच्या म्हणजे काकांच्या. मी तिथे कामाला. नवऱ्याला बंदरात काम लागलं म्हणून यवतमाळहून इतक्या लांब आले. शाळा आठवीतच सुटलेली. तरी काकांनी कॅमेरा शिकवला. ते उपकार विसरत नाही, आणि कॅमेरा हातून पडेल ही धास्तीही अजून जात नाही.

आमची मॅक्रो लेन्स आखूड. लांबून तिचं काही चालत नाही. वस्तूपासून चार बोटांवर न्यावी लागते, तेव्हा कुठे काजू चौकटभर दिसतो. पण इतकं जवळ गेलं की लेन्सचीच सावली पडते. म्हणून मी मावशींना खिडकीशी बसवलं आणि उजेड परतवायला पलीकडून थर्माकोलचा पांढरा तुकडा सुनेला धरायला दिला. श्वास रोखला, कारण श्वासानेसुद्धा फोकस हलतो. बटण दाबलं.

फोटो कॉम्प्युटरवर उघडला. पडदाभर अंगठा. काळपट, भेगाळलेला, आणि मधे झिजलेल्या पायरीसारखा गुळगुळीत. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, हे ऐकून माहीत होतं. पण हे असं?

“कोणाचा गो हा हात?” मावशींनी विचारलं.

मी त्यांच्याच हाताकडे पाहिलं.

“माझा?” त्यांनी अंगठा डोळ्यांजवळ नेला, मग पडद्याकडे पाहिलं. “अगो बाय! मला वाटलं, नुसता काळा पडलाय.”

काका हळूच म्हणाले, “वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. हा फोटो पाकिटावर बघून माल कोण उचलणार? हिचा हात घेऊ.”

हिचा म्हणजे माझा. मी चरकलेच. मी आयुष्यात एक काजू फोडलेला नाही.

“घ्या की,” मावशी हसल्या. “आयता चांगला हात मिळतोय. काजू माझा, हात हिचा, नाव दुकानदाराचं!”

तेवढ्यात सुनेने थर्माकोल खाली ठेवला. “ताई, माझा काढा ना एक.”

“तुझा कशाला? काल आलीस लग्न होऊन. तुला काय झालंय?”

सुनेने हाताला लागलेला थर्माकोलचा चुरा झटकला. अंगठा तेवढा लेन्सपुढे धरला. मला तो फोटो काढूच नये असं वाटत होतं. काढला.

वरच्या बाजूला रेघा होत्या, छान गोल गोल. कडेला येता येता पुसट. आणि टरफल दाबून धरतात त्या जागी काहीच नाही.

मावशींचं हसू जागच्या जागी थिजलं. “हातमोजे घालत्येस ना तू?”

“घसरतं ओ आई त्यात. हात चालत नाय. तुम्ही तरी कुठे घालता?”

मावशी पडद्याजवळ गेल्या. सुनेच्या त्या पुसट रेघांवर त्यांनी बोट टेकवलं आणि मला विचारलं, “परत येतील का गो ह्या?”

मला! मी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “जपलं तर येत असतील,” पण त्यांचाच आवाज पडला होता.

मावशींनी काजूची पिशवी आवळून बांधली. “हिचा हात घेऊन पाठवा फोटो. आम्ही निघतो.”

“एसटीला वेळ आहे अजून, आई.”

“असू दे. बाजारात जाऊ. बोटांना घट्ट बसतील असे मोजे मिळेपर्यंत फिरायचं. दोन जोड घ्यायचे.”

“दोन?”

“मग? मला काय हात नायत?”