शेवंडाच्या नांग्या

नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी हेडक्लार्क अण्णांनी मला एकच नियम सांगितला. "छापील रकान्याला प्रश्न विचारायचा नाही. रकाना आहे ना? मग भरायचा. सरी?" म्हणजे त्यांच्या कन्नडात 'कळलं ना?'

"आणि रकानाच चुकीचा असला तर?"

"छापलेला कसा चुकेल, कुमुद!"

अशा ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत, फायलींवरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. मैत्रिणी म्हणतात, तू रचून सांगतेस. रचायला वेळ कुठे होता? मी रकाने भरत होते!

*

आधी ऑफिसच बघा. बेटांभोवतीच्या खडकांत शेवंड, म्हणजे लॉबस्टर, किती उरलेत, ते आम्ही मोजायचो. म्हणजे तिथल्या छोट्या होड्यांनी किती पकडले तर पुढच्या वर्षीही मिळतील, हे ठरवता येईल. काम मला फार आवडलं. पण ऑफिस कुठे? भर शहरात, बसवनगुडीत! भाड्याचं घर, दारात पारिजातक, मागे विहीर. समुद्र गाठायला बसमध्ये अख्खा दिवस जायचा.

"साहेब, ऑफिस किनाऱ्यावर का नाही?" मी विचारलं.

साहेब पुण्याचे. म्हणाले, "तिथल्या दमट हवेत कागद खराब होतात."

*

ऑफिसात आम्ही सहा जण. शेवंड प्रत्यक्ष पाहिलेला एकही नाही! साहेब आणि अण्णा कट्टर शाकाहारी. माझी डिग्री गणिताची. होता तो भिंतीवरचा एक रंगीत चार्ट, परदेशातून आलेला. त्यातल्या प्राण्याला पुढे दोन जाडजूड नांग्या, पैलवानाच्या मुठींसारख्या.

आयुधपूजेला अण्णांनी टाइपरायटरला हार घातला, फूटपट्टीला फूल वाहिलं आणि चार्टावरच्या दोन्ही नांग्यांना कुंकू लावलं.

"अण्णा, हे कशाला?"

"आपलं पोट त्याच्यावर चालतं, मगळे," लेकीला म्हणतात तसं ते मला म्हणाले. "नमस्कार कर."

केला! कुंकू मात्र पुसलं गेलं नाही. तेव्हापासून तो चार्ट कुणाला तरी नुकताच चावल्यासारखा दिसायचा.

*

बेटावरून फॉर्म भरून पाठवायचा तो दामू खारवी. स्वतः मासेमारी करायचा आणि आमच्यासाठी प्रत्येक शेवंड मोजायचा. अक्षर मोत्यासारखं. लांबी किती, मादीच्या पोटाखाली अंडी आहेत का, सगळं नीट. अंडीवाली मादी सापडली की परत पाण्यात सोडल्याचीही नोंद. नियम आम्ही करायच्या आधीच ते लोक पाळत होते!

फक्त 'शाबूत नांग्या' या रकान्यात दर वेळी शून्य. महिनोन्‌महिने शून्य.

एका फॉर्मवर मात्र दामूने त्या रकान्यात लिहिलं होतं, "कसल्या?"

मी उड्या मारत अण्णांकडे गेले. अण्णांनी चष्मा वर केला, वाचलं आणि लाल शाईने शेरा मारला, 'माहिती अपूर्ण.'

*

त्या शून्यांवरून साहेबांनी रिपोर्ट लिहिला. बेटांवरचे सगळेच्या सगळे शेवंड जखमी. कारण? मच्छीमारांची जाळी. उपाय? ती जाळी बंद करावीत.

त्या बेटांवर दुसरा धंदा नाही. नारळ आहेत, पण नारळांवर घर चालत नाही. आणि रिपोर्टाखाली छापील ओळ होती, 'तक्ते तपासले, बरोबर आहेत.' तिच्यापुढे सही माझी हवी होती.

मी सहीला चालढकल केली आणि दामूला पोस्टकार्ड टाकलं. 'नांग्या कसल्या ते मलाही माहीत नाही. एक शेवंड घेऊन या. जिवंत.'

*

दामू आला. खांद्यावर ओलं गोणपाट. सरळ साहेबांच्या खोलीत शिरला आणि टेबलावर शेवंड सोडला.

काय सुंदर प्राणी! अंगभर काटे, पाठीवर निळसर हिरवी झाक, माझ्या हाताएवढ्या लांब मिशा. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. शेवंडाला पुढे नांग्या नव्हत्या.

"बघा!" साहेब ओरडले. "हासुद्धा डॅमेज्ड!"

"साहेब, ह्याला नांग्या नसतातच," दामू म्हणाला. "माझ्या आज्यानेही कधी बघितल्या नाहीत."

"चार्टात आहेत."

दामूने चार्ट निरखून पाहिला. "हा कोण? हा आमच्याकडचा नाही. आणि ह्याला कुंकू का लावलंय?"

अण्णा वाकून शेवंड तपासायला लागले. "स्वल्प थांबा. तुटल्या असतील तर काही खूण दिसेल की." बराच वेळ शोधलं. मग खाली बसले.

साहेबांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "दोन वेळा टाइप झालाय. वर कळवूनही झालंय. आजच्या टपालाने गेलाच पाहिजे. कुमुद, सही."

"नाही करणार."

"अगं, रकाना छापील..." अण्णा पुटपुटले.

"रकान्याला मी काहीच विचारत नाही, अण्णा. तुम्ही ह्याला विचारा," मी शेवंडाकडे बोट केलं. "तो हो म्हणाला तर करते सही."

साहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी चार्टाकडे पाहिलं.

शेवंडाने मिशा हलवल्या आणि रिपोर्टावर चढून करकर आवाज केला. मी तो 'नाही' असाच ऐकला आणि पेनाला टोपण लावलं.