चांदीची काठी

आमच्या विद्यापीठातले शिपाईभाऊ आंबी गावचे. पदवीदानाच्या मिरवणुकीत चांदीची काठी धरून कुलगुरूंच्याही पुढे तेच चालतात. आधी आठवडाभर व्हरांड्यात छत्री धरून सराव चालतो आणि आम्ही कारकून गालातल्या गालात हसतो. त्यांच्या गावाजवळच्या कारखान्यात पगार जास्त आहे, असं मी एकदा सुचवलं. भाऊ म्हणाले, "आसंल. पन तितं माज्या मागं कोन चालनार?"

यंदा सभागृहाच्या दारात भाऊ अचानक थांबले. मागे कुलगुरू थांबले, प्राध्यापक थांबले. झाडलोट करणाऱ्या मावश्या गर्दीमागून टाचा उंचावून बघत होत्या.

"मावशी, म्होरं या. तितनं काय दिसायचं न्हाई."

मावश्या लाजत पुढे आल्या. भाऊंनी काठी पुन्हा सरळ धरली, पाऊल उचललं, आणि मगच अख्खं विद्यापीठ हललं.