भोंगा बँडचा माईक

"रशीदभाऊ, सातव्या गाण्याले माईक बंद करून टाका," मोरेश्वर माझ्या कानाशी येऊन म्हणाला. स्टेजवर तोवर चौथं गाणं संपलं होतं. सुरू कधी झालं, तेही कोणाला कळलं नव्हतं.

हा मोरेश्वर गंगाधरभाऊंचा उजवा हात. गंगाधरभाऊ म्हणजे मूल गावातल्या एका राइस मिलचे मालक आणि त्या दिवशीच्या युवक महोत्सवाचे अध्यक्ष. मी साऊंडवाला. लग्न असो, भजन असो की प्रचारसभा, मूलमध्ये कर्णे माझेच लागायचे. त्यातल्या निम्म्या ऑर्डरी भाऊंच्या.

आणि स्टेजवर होता 'भोंगा' बँड. ढिवर मोहल्ल्यातले, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतले चार पोट्टे. हार्डकोर पंक वाजवायचे. ते काय असतं, विचाराल तर सांगतो. गिटार जोरात, ड्रम त्याहून जोरात, गायक गात नाही, भांडतो, आणि गाणं मिनिटाच्या आत आटोपतं. कंपनी नाही, मॅनेजर नाही, सगळं आपलं आपण. कोणाच्या तरी मावसभावानं नागपूरहून एक कॅसेट आणली, तिच्या कॉप्या माझ्याच दुकानात झाल्या. माझं डबिंग मशीन तेव्हा जरा फास्ट पळायचं. पोट्ट्यांना वाटलं, हे संगीत असंच कुत्रं मागं लागल्यासारखं असतं. त्यांनी तसंच बसवलं. म्हणजे बँडच्या संस्थापकांत माझं नाव यायला हवं. कोणी घेत नाही.

दोन वर्षांत त्यांचे प्रोग्राम झाले मोजून तीन. एक धानोऱ्याला, तेंदूपत्त्याच्या गोदामात. ऐकायला आठ जण होते, त्यातले चार बँडचेच. महोत्सवाच्या फॉर्मवर 'हार्डकोर पंक' असा रकाना नव्हता, म्हणून त्यांनी 'समूहगीत' लिहिलं. फॉर्म कोणी वाचत नाही, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

यादी मात्र वाचतात. कार्यक्रमाची यादी सकाळीच अध्यक्षांच्या माणसाला नेऊन द्यायची, हा माझा जुना रिवाज. कोणी मागितलेली नसते, तरी मी देतो. सातव्या नंबरवर लिहिलं होतं, 'झिंग्यावर राख'.

गायक विनोद. त्याची आई कमलाबाई तलावातले झिंगे चटईवर वाळवायची. मिलची चिमणी बुटकी. बॉयलरमध्ये धानाचा कोंडा जळायचा आणि काळी राख उडून थेट चटईवर. बाई झिंगे धुवायची, परत वाळवायची, परत राख. असले झिंगे बाजारात कोण घेणार? मोहल्ल्यानं चिमणी उंच करायचे अर्ज दिले. अर्जाची पोच तेवढी मिळाली. त्या दुपारी कमलाबाई मोहल्ल्यातल्या बाया घेऊन भाऊंच्या मागच्याच रांगेत बसली होती.

"काऊन बंद करू जी?" मी विचारलं.

"काऊन म्हणजे? भाऊ समोर बसून आहेत ना! पुढचा सीझन पाहिजे का नाई तुमाले?"

लाज वाटली का? वाटली. पण बोट फेडरवर गेलंच. फेडर म्हणजे मिक्सरवरची वर-खाली सरकणारी पट्टी. खाली ओढली की आवाज गेला. कोणी ओढली ते दिसत नाही, हा तिचा मोठा गुण.

आता माझी खरी चूक ऐका. भजनवाल्यांना इको लागतो. एकदा 'विठ्ठल' म्हटलं की चारदा ऐकू यायला हवं. माझा इको कायम फुल. वर हॉलला टिनाचं छप्पर. त्यामुळे सहा गाणी म्हणजे भांड्यांचा ट्रक उलटल्यासारखी गेली. एक शब्द कोणाला कळला नाही. भाऊ मान डोलवत होते. सत्कारांत दीड तास गेला होता, शाल अजून खांद्यावर होती.

सातवं गाणं लागलं. मी फेडर ओढले, माईकचा आणि गिटारींचाही. नुसता ड्रम उरला. ड्रमवाला नंदू गोंधळला, थांबला. विनोदनं माईक ठोकून पाहिला. मग सरळ माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षं माझ्या दुकानात बसलेलं पोरगं, त्याला काय कळायचं राहिलं होतं? मला वाटलं, आपटतो आता माईक. त्यानं तो अलगद खाली ठेवला. माझा होता ना.

आणि स्टेजच्या काठावर येऊन नरडं फाडलं.

"आमच्या झिंग्यावर तुमची राख! चिमनी वर कर!"

ना इको, ना कर्णे. शब्द न शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. भाऊंची डोलणारी मान थांबली. मागून कमलाबाई उभी राहिली. "बरोब्बर बोलला माहा पोरगा!" मग सगळ्या बाया उठल्या. "चिमनी वर कर! चिमनी वर कर!" त्या दिवशीचं खरं समूहगीत तेवढंच झालं. परीक्षक मास्तरांनी त्याला दुसरं बक्षीसही दिलं.

"माईक चालू करा, भाऊंले बोलाचं हाये!" मोरेश्वर घामाघूम झाला होता. मी चालू केला, इकोसकट. भाऊ पंधरा मिनिटं बोलले. एक शब्द कोणाला कळला नाही.

चिमणी दोन महिन्यांत उंच झाली. नारळ फुटला, ही कल्पना भाऊंचीच होती असं भाषणात निघालं. साऊंड दुसऱ्याचा होता. त्यांनी सांगितलं तेव्हा मी माईक बंद केला, तरी सीझन गेला माझाच. बँडही वर्षभरात मोडला. नंदू वनरक्षक झाला, दोघे गिटारवाले कामाला बाहेर गेले.

नारळ फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी विनोद दुकानात आला. भांडायला आला असेल, म्हणून मी कॅसेटी लावत बसलो. त्यानं काउंटरवर झिंग्यांची पुडी ठेवली.

"आईनं धाडली, चाचा. तुमी माईक बंद केला म्हून समद्याईले ऐकू गेलं. तिले वाटते, तुमी मुद्दाम केलं."

"अन् तुले काय वाटते?"

"मले माहीत हाये," तो म्हणाला आणि गेला. परत दुकानात आला नाही.

झिंगे मी खाल्ले. राखेचा कण नव्हता. तेव्हापासून मी इको कमी ठेवतो. माझ्यात तेवढीच सुधारणा झाली. यादी अजूनही सकाळीच नेऊन देतो.